मेंढी मिळाली, माळ कोठे?

बालाघाटच्या मुरमाड उतारावर मेंढीचे वर्ष ऋतूंच्या हिशेबाने चालते. पावसाळ्यात माळावर गवत असते, पण ओल्या वाड्यात खुरे सडतात. रब्बीची ज्वारी निघाली की कळप काळ्या रानात उतरतो. शेतकरी रात्री मेंढ्या बसवून घेतो आणि लेंडीखताचा मोबदला धान्याने वा पैशाने देतो. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि लांबची वाट, एवढेच उरते. दख्खनी मेंढीची लोकर भरड. घोंगडीचे दिवस ओसरल्यावर कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटणे कठीण. उस्मानाबादी शेळीचे नाव सर्वदूर झाले, जुळ्या करडांमुळे ते रास्तही आहे. मेंढीच्या वाट्याला तेवढे कौतुक आले नाही.

२०१७ साली शासनाने महामेश योजना आणली : २० मेंढ्या, १ नर, आणि ७५ टक्के अनुदान. हेतू स्तुत्य आहे. चाऱ्यासाठीही साहाय्याची तरतूद झाली. परंतु अनुदानाने माळ वाढत नाही. गायराने अतिक्रमणाने आक्रसली, नव्या लागवडीचे वनक्षेत्र बंद, आणि ज्वारीच्या रानात आता ऊस उभा. मग कळपाने जावे कोठे? लागवडीतील झाडे मेंढीच्या तोंडापलीकडे वाढल्यावर ते क्षेत्र ठराविक महिने चराईस खुले करावे, आणि उरलेल्या गायरानाची मोजणी ग्रामपंचायतींनी येत्या पावसाळ्यापूर्वी उरकावी.