थव्यातला मासा

हल्ली नारायणगाव-मंचरकडच्या घरांत टीव्हीशेजारी काचेचे गोल भांडे दिसू लागले आहे. बहुधा ते वाढदिवसाची भेट म्हणून येते. त्यात रंगीत खडे, प्लॅस्टिकची वेल आणि दोन इवलेसे मासे! पाहुणे कौतुक करतात. पंधरवड्यात मासे मरतात आणि ‘मासे टिकतच नाहीत’ असे म्हणत दुसरी जोडी आणली जाते. या रीतीविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

हे मासे पुष्कळदा निऑन टेट्रा किंवा झेब्रा डॅनिओ असतात. टेट्रा दूरच्या ॲमेझॉन खोऱ्यातला. झेब्रा मात्र आपल्याच देशातला. गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली त्याचे वर्णन केले. दोन्ही मासे जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचे आणि थव्याने राहणारे. थव्यातला नेमका कोणता धरावा हे शत्रूला उमगत नाही; हीच त्या दुबळ्या जिवाची ढाल. ती काढून घेतली की मासा भेदरतो, कोपरा धरतो, खाणे टाकतो. निदान सहा तरी सोबत हवेत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी वर्गात ओळखीचे कुणी नव्हते, तोंडातून शब्द फुटत नसे. लोक म्हणत, ‘मुलगी किती शांत!’ भांड्यातला मासाही लोकांना असाच शांत वाटतो.

मग त्याच भांड्यात सहा मासे कोंबावेत काय? मुळीच नाही. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया साठतो. त्याचे कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू रुजायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून चाळीस-पन्नास लिटरची लांबट टाकी हवी, फिल्टर हवा, क्लोरीन काढलेले पाणी हवे, आणि मुख्य म्हणजे धीर हवा. सगळे पाणी एकदम बदलले तर बसलेली घडी मोडते.

कुणी म्हणेल, एवढा खर्च गरिबाने कुठून करावा? प्रश्न रास्त आहे. त्याने कुकडीच्या वा घोडच्या काठी जावे. उथळ, संथ पाण्यात लहान मासळीचा थवा एकदम वळताना फुकट दिसतो. मात्र कंटाळा आला म्हणून दुकानातले मासे तिथे सोडू नयेत. परके मासे नदीतल्यांच्या घासात वाटेकरी होतात.

छंद वाईट नाही. पण सहा माशांना पुरेशी जागा नसेल, तर एकही आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

— द्वितीय वर्ष, कला