जाळीचं कार्ड जवळ ठेवा

एमआरआयच्या खोलीबाहेर रुग्णांचे फॉर्म तपासणं हे माझं रोजचं काम. "शरीरात कुठे धातू आहे का?" असं विचारलं की लोकांना पेसमेकर आठवतो, गुडघ्याची बदललेली वाटी आठवते. गेल्या पावसाळ्यात कंबरदुखीसाठी आलेल्या एका आजींनी सरळ "नाही" सांगितलं. शेजारी उभी असलेली सून मात्र थबकली. "आई, पाय सुजला होता तेव्हा मानेतून जाळी घातली होती ना?" आजी म्हणाल्या, "अगं, ती तर रक्तासाठी होती!" त्यांच्या लेखी तो धातू नव्हताच.

पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ करणारी औषधं देता येत नसतील, तर पोटातल्या मोठ्या शिरेत, मूत्रपिंडांच्या जरा खाली, छत्रीच्या काड्यांसारखी बारीक जाळी बसवतात. डॉक्टर तिला आयव्हीसी फिल्टर म्हणतात. मानेतून किंवा जांघेतून नळीने ती आत जाते. टाका नाही, मोठा व्रण नाही, म्हणून विसरायलाही वेळ लागत नाही.

आता घाबरू नका. आजच्या बहुतेक जाळ्या नायटिनॉल, टायटॅनियम अशा धातूंच्या असतात आणि ठरावीक अटी पाळून त्यांच्यासह एमआरआय करता येतो. पण 'अटी पाळून' हे शब्द महत्त्वाचे. यंत्र 1.5 टेस्लाचं की 3 टेस्लाचं, तपासणी किती वेळ चालवायची, हे त्या त्या मॉडेलप्रमाणे ठरतं. काही जुन्या स्टीलच्या जाळ्यांना चुंबकाची ओढ लागते, तिथे जास्त विचार करावा लागतो. 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट ताकद, आणि तपासणी चालू नसली तरी हे चुंबक चालूच असतं. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला. जाळी म्हणजे सिलिंडर नव्हे, पण विचारल्याशिवाय धातू आत न्यायचा नाही, हा नियम दोन्हींना एकच.

म्हणून कळकळीची विनंती आहे. जाळी बसवली असेल तर घरी जाण्याआधी तिचं कार्ड मागून घ्या. कार्ड नसेल तर शस्त्रक्रियेच्या नोंदीवर चिकटवलेला स्टिकर शोधा. त्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असतो. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कागद हरवले असतील तर जिथे जाळी बसवली त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात विचारा. तिथेही मिळालं नाही तर पोटाचा एक्स-रे काढून जाळीच्या आकारावरून रेडिओलॉजिस्टला पुष्कळदा ओळख पटते. एमआरआयची तारीख घेतानाच फोनवर सांगा, टेबलावर झोपल्यावर नको. पोटाचा एमआरआय असेल तर जाळीभोवतीचा भाग चित्रात काळा पडू शकतो, हेही डॉक्टरांना आधी कळलेलं बरं.

आणखी एक प्रश्न न चुकता विचारा: "ही जाळी आता काढायची का?" पुष्कळ जाळ्या तात्पुरत्या असतात. वर्षानुवर्षं राहिल्या तर त्या कलंडू शकतात, त्यांची काडी तुटू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये डॉक्टरांना बजावलं होतं, की गरज संपली की काढता येणारी जाळी काढण्याचा विचार करा. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. मनाने औषध बंद करू नका आणि भीतीपोटी गरजेचा एमआरआयही टाळू नका.

आजींची तपासणी आम्ही त्या दिवशी थांबवली. दुसऱ्या दिवशी सून पिशवीभर कागद घेऊन आली. एका नोंदीच्या कोपऱ्यात दोन बोटांएवढा स्टिकर होता. रेडिओलॉजिस्टनी मॉडेलच्या अटी पाहिल्या, आमच्या यंत्राशी ताडल्या आणि आजींचा एमआरआय निर्धास्तपणे झाला. जाताना सुनेने त्या स्टिकरचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तुमच्या घरी कुणाला अशी जाळी बसवलेली असेल, तर तो फोटो तुम्हीही आजच काढा.