शिक्कामोर्तब नसलेला आवाज

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीतील मोडी कागदपत्रांची मोठी संपदा जतन केलेली आहे. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात पत्र कोणाचे याची ग्वाही शिक्का देई आणि मजकूर संपताच मोर्तब उमटे, म्हणजे पुढे कोणाला अक्षर वाढविता येऊ नये. आज मात्र दूरध्वनीवरील अनोळखी आवाजावर ना शिक्का असतो, ना मोर्तब. तरीही त्याच्या शब्दावर आयुष्यभराची पुंजी हलविली जाते.

"तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, आम्ही तांत्रिक विभागातून बोलत आहोत," अशी या फसवणुकीची सुरुवात असते. कधी पडद्यावर अचानक धोक्याची सूचना झळकते आणि तिच्यासोबत दूरध्वनी क्रमांक. तंजावरी मराठी घर असो वा पुण्या-नाशकातले, परगावी, परदेशी गेलेल्या मुलानातवंडांना पाहण्याचे साधन म्हणजे तो संगणकच. तो बंद पडेल, या भीतीने वडीलधारी माणसे गांगरतात.

मग पुरावा दिला जातो. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखविल्या जातात. वस्तुतः त्या सुस्थितीतील संगणकातही असतात. संगणकाची 'खास ओळख' म्हणून जो लांबलचक क्रमांक वाचला जातो, तो असंख्य संगणकांत एकच असतो. विश्वास बसला की एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उतरवून घ्यायला सांगतात. ही साधने मुळात प्रामाणिक कामाची. पण त्यांद्वारे परका माणूस आपला पडदा पाहू शकतो, संगणक चालवू शकतो. या मार्गाने होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

हा उद्योग आपल्याच भूमीवरूनही चालतो, हे खेदाने मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र-२' अंतर्गत देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांतील दोन प्रकरणे मायक्रोसॉफ्ट व अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून नोंदविलेली, तांत्रिक साहाय्याच्या नावाखाली परदेशी नागरिकांना लुबाडणाऱ्या कॉल सेंटरांची होती.

अशा वेळी "लोभ धरू नका" हा नेहमीचा उपदेश अपुरा पडतो, असे आमचे मत आहे. लॉटरीच्या आमिषात लोभ असतो. येथे असते ती भीती, आणि मदतीला धावून आलेल्याविषयीची कृतज्ञता. म्हणून उपदेशापेक्षा साधा नियम हवा: आलेल्या फोनवर व्यवहार नाही. फोन ठेवावा आणि गरज वाटल्यास पासबुकावरील किंवा बिलावरील क्रमांक आपण स्वतः फिरवावा. मायक्रोसॉफ्ट न मागता फोन करून संगणक दुरुस्त करीत नाही, आणि तिच्या खऱ्या सूचनांत दूरध्वनी क्रमांक नसतो.

चूक घडलीच, तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी, तत्काळ बँकेला कळवावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि दुसऱ्या सुरक्षित साधनावरून संकेतशब्द बदलावेत. विलंबाची किंमत मोठी असते. ग्राहकाने गुप्त माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. संकोचाने गप्प बसलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

म्हणूनच घरच्यांनी आणि आम्हा कर्मचाऱ्यांनीही "तुम्ही असे केलेतच कसे?" हा प्रश्न गिळावा. काउंटरवर कोणी ज्येष्ठ ग्राहक कानाशी मोबाईल धरून घाईघाईने मोठी रक्कम पाठवू लागला, तर "काका, फोनवर कोण आहे?" एवढे आपुलकीने विचारावे. ग्राहकहो, या प्रश्नाचा राग मानू नका. आपल्या पैशावरील शिक्कामोर्तब आपल्याच हातचे राहावे, एवढाच त्यामागील हेतू आहे.