युद्ध असं संपत नसतं

‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ मला पटत नाही म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्या खांद्यावरच्या स्टारांकडे बघतो. त्याच्या मनातलं मला कळतं. फौजी माणूस, याला युद्धविरोधी चित्रपट कसा रुचेल? खरं तर युद्ध नको असं मनापासून वाटणाऱ्यांत सैनिक पहिल्या रांगेत असतो, कारण किंमत आधी तोच मोजतो. म्हणूनच युद्धविरोधी म्हणून ज्या चित्रपटाचे गोडवे गायले जातात, त्याच्याकडून माझी अपेक्षा इतरांपेक्षा जास्त असते. या चित्रपटाने ती पुरी केलेली नाही.

हायाओ मियाझाकी यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. १९४१ साली जन्मलेल्या या माणसाने लहानपणी उत्सुनोमिया शहरावर पडलेले बॉम्ब पाहिले. घरचा कारखाना लढाऊ विमानांचे भाग बनवायचा, तेव्हा युद्धावर पोट भरणं म्हणजे काय हेही त्यांना घरातूनच कळलं. २३ मार्च २००३ रोजी ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळालं, तेव्हा इराकवरचा हल्ला सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. मियाझाकी समारंभाला गेले नाहीत. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात जायचं नव्हतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्याच रागाच्या काळात २००४ चा ‘हाऊल’ तयार झाला. डायना विन जोन्स यांच्या १९८६ च्या मूळ कादंबरीत युद्धाला फारशी जागा नाही. ते मियाझाकींनी आणलं. आणलं, तर निभावायला हवं होतं.

जे चांगलं आहे ते आधी मान्य करतो. शापाने एका क्षणात म्हातारी झालेली सोफी, तिचं कुरकुरणारं कंबरडं, म्हातारपणात तिला सापडलेला धीटपणा, हे सगळं उत्तम आहे. कॅल्सिफर नावाच्या विस्तवावर तळली जाणारी अंडी बघून पोस्टवरच्या माणसालाही भूक लागते. लोखंडी पायांवर धडपडत चालणारा तो वाडा तर विसरता येत नाही. चित्रकलेचं बक्षीस असेल तर माझं मत मोजून घ्या.

पण समीक्षक इथे थांबत नाहीत. ते याला युद्धावरचं मोठं भाष्य म्हणतात. मग युद्धाकडे बघू. शेजारच्या राज्याचा राजपुत्र बेपत्ता आहे, एवढं कारण कानावर येतं. पुढे विमानं येतात, शहर जळतं. सैनिकाचा चेहरा जवळून दिसतो तो सुरुवातीला गल्लीत सोफीला अडवणाऱ्या दोघांचा. नंतर नुसती संचलनं आणि आकाशात उडणारं लोखंड. शेवटी बुजगावण्याच्या रूपात अडकलेला राजपुत्र शापातून सुटतो, आणि राजाची जादूगारीण मादाम सुलिमान ठरवते की पुरे झालं हे मूर्ख युद्ध. संपलं! जणू शाळेची घंटा झाली.

यावर उत्तर ठरलेलं असतं: अहो, ही परीकथा आहे, तुम्ही काय सप्लाय आणि नकाशे मागता? नाही, मी ते मागत नाही. चित्रपटाने स्वतःच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मागतो आहे.

मधे एक प्रसंग आहे. पक्षी होऊन रात्री लढाईत उतरणारा हाऊल थकून परततो आणि सांगतो की आज त्याच्यावर त्याच्याच जातकुळीतले जादूगार चालून आले. राजासाठी त्यांनी स्वतःला राक्षस करून घेतलं आहे. कॅल्सिफर म्हणतो, त्यांना पुन्हा माणूस होता येणार नाही. हाऊल म्हणतो, युद्ध संपल्यावर आपण कधी माणूस होतो हेही त्यांना आठवणार नाही. दोन वाक्यं, पण संपूर्ण चित्रपटात युद्धाबद्दलचं याहून खरं दुसरं काही नाही.

मग त्या जादूगारांचं काय होतं? काहीच नाही. हाऊलचं हृदय त्याला परत मिळतं, कारण त्याच्यावर प्रेम करणारी सोफी आहे आणि कथा त्याची आहे. बाकीचे आकाशात कुठेतरी तसेच राहतात. चित्रपटाला त्यांची आठवणसुद्धा होत नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी परीकथेतला नाही. माझ्या जुन्या कंपनीतले एक सुभेदार साहेब पेन्शनीत गेले. सव्वीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी खोऱ्यात. गावी वहिनी मला म्हणाल्या, “साहेब, हे घरी आलेत खरे, पण अजून पोहोचले नाहीत.” रात्री तीनला उठून अंगणाला फेरी मारतात, दाराकडे पाठ करून जेवत नाहीत, नातवाचा फुगा फुटला तर जमिनीला टेकतात. हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना पुढचं सांगायला नको. त्यांच्यासाठी कुणी सुलिमान हात वर करून युद्ध थांबवत नाही. कागदावर ते केव्हाच थांबलेलं असतं.

परीकथेत हे जमत नाही असंही नाही. याच मियाझाकींनी १९९७ च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’त करून दाखवलं आहे. तिथे एबोशी जंगल तोडते, बंदुका बनवते, पण तिच्याच छपराखाली कुष्ठरोगी आणि कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायका सन्मानाने जगतात. प्रत्येक बाजूला कारण आहे आणि शेवटी प्रत्येकाचं काहीतरी कायमचं जातं. एबोशीचा तर हातच जातो. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ घ्या. परीकथा नाही, पण त्याच स्टुडिओचा. कोबेच्या बॉम्बहल्ल्यात आई गेलेली दोन पोरं उपासमारीने मरतात. त्यांचे वडील नौदलात अधिकारी आहेत. गणवेशातल्या कुठल्याही बापाने तो बघून नीट झोपून दाखवावं. तिथे युद्ध संपल्याची बातमी पोराला बँकेत पैसे काढताना कळते, आणि त्याने त्याचं काहीच वाचत नाही.

‘हाऊल’चे चाहते शेवटच्या दृश्याकडे बोट दाखवतात: खाली काळ्या ढगांतून लढाऊ जहाजं अजून जात असतात, म्हणजे दिग्दर्शकाला सगळं ठाऊक आहे. असेल. पण त्या ढगांच्या वर, निळ्या आकाशात, बाग फुललेला वाडा उडतो आहे आणि गच्चीवर चुंबन चाललं आहे. आपल्याला वर बसवून खालच्यांना ढगात सोडून देणं, याला मी युद्धविरोध म्हणत नाही.

प्रेमकथा म्हणून या चित्रपटाचं खुशाल कौतुक करा, मीही टाळी देईन. युद्धावरचा चित्रपट म्हणून त्याला डोक्यावर घेऊ नका. जो चित्रपट राक्षस झालेल्या माणसांना दाखवतो आणि त्यांना घरी आणायचं विसरतो, तो आमच्याबद्दल काही सांगतो आहे असं निदान आम्हाला तरी सांगू नका.