भोंगा वाजतो, पण धावून जाणारा हात कुठे आहे?

रेल्वेत नोकरी केलेल्याला घंटा आणि भोंगा यांचे मोल सांगावे लागत नाही. लोको पायलटने सुमारे मिनिटभर कोणतीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही दखल घेतली नाही तर ब्रेक आपोआप लागतो. यंत्र चुको वा माणूस चुको, गाडी उभी राहिली पाहिजे, हा आपल्या खात्याचा मूळ नियम.

अतिदक्षता विभागात हा नियम चालत नाही. तिथे व्हेंटिलेटर उभा राहिला तर माणूसच जातो. त्या यंत्राला आपोआप लागणारा ब्रेक नाही. ते फक्त हाक मारते. हाकेला धावून जाणारा माणूस नसेल तर ती हाक व्यर्थ.

गेल्या पावसाळ्यात आमचा एक निवृत्त गँगमन भाऊ व्हेंटिलेटरवर होता. आम्ही काचेबाहेर उभे होतो. भोंगा वाजला. आत एकच सिस्टर, तिच्याकडे तीन व्हेंटिलेटर, आणि ती दुसऱ्या खाटेवर गुंतलेली. एक कंत्राटी पोरगा आला, बटण दाबून आवाज बंद केला आणि निघून गेला. दोन मिनिटांनी भोंगा पुन्हा सुरू झाला. आता सिस्टर धावत आली. तिने यंत्राकडे नव्हे, आधी रुग्णाच्या छातीकडे पाहिले आणि नळीत अडकलेला कफ यंत्राने ओढून काढला. आमचा भाऊ वाचला. त्या पोराला आम्ही दोष देत नाही. आवाज बंद करणे म्हणजे बिघाड दूर करणे नव्हे, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

नंतर आम्ही डॉक्टरांकडून हे भोंगे समजून घेतले. दाब वाढल्याचा भोंगा वाजला तर हवेच्या वाटेत अडथळा असतो : नळीत कफ किंवा पाणी साचले, नळी दुमडली, रुग्णाने ती चावली, त्याला खोकला आला, क्वचित फुप्फुसाबाहेर छातीत हवा भरली. दाब कमी झाल्याचा भोंगा म्हणजे बहुधा नळी निसटली किंवा कुठे गळती आहे. श्वास थांबल्याचा भोंगा वेगळा, प्राणवायूचा पुरवठा घटल्याचा वेगळा, वीज जाऊन यंत्र बॅटरीवर आल्याचा वेगळा. कोणताही वाजला तरी पहिला नियम एकच : आधी रुग्ण पाहा, मग यंत्र. रुग्ण बिघडत चालला आणि कारण सापडेना, तर यंत्रापासून सोडवून हातातल्या पिशवीने प्राणवायू द्यायचा. ही पिशवी प्रत्येक खाटेशी टांगलेली हवी.

काही जण म्हणतील, भोंगे उगाचच वाजतात. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल 2013 मध्ये इशारा दिला, की अशा यंत्रांच्या 85 ते 99 टक्के अलार्मना काही उपचार करावा लागत नाही. त्यामुळे कान बधिर होतात आणि खरा भोंगा निसटतो. त्याच संस्थेकडे जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात अलार्मशी निगडित 98 घटना नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी 80 घटनांत रुग्ण दगावले. सलग ड्यूटी केलेल्या माणसाचा कान कसा मरतो, हे आपल्या रनिंग स्टाफला वेगळे सांगायला नको.

2020 मध्ये पीएम केअर्स निधीतून 50,000 व्हेंटिलेटरसाठी 2,000 कोटी रुपये देण्याचे जाहीर झाले. यंत्रे आली, पण चालवणारी माणसे नसल्याने कित्येक ठिकाणी ती पडून राहिली. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि किमान 22 रुग्ण गेले. टाकी, नळी, वीज आणि माणूस ही एकच साखळी आहे. एक कडी तुटली की सारे संपले.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात दर पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रेल्वे रुग्णालयांतील परिचारिकांची रिक्त पदे कायम भरतीने भरा. व्हेंटिलेटरला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, तो कंत्राटी असला तरी, आधी प्रशिक्षण द्या. दर पाळीला अलार्मच्या मर्यादा, पिशवी, बॅटरी आणि प्राणवायू तपासून वहीत सही घ्या. आपल्याकडे चार्ज देता-घेताना सही होते, मग तिथे का नको? आमचे टपाल खात्यातील भाऊ सीजीएचएसच्या यादीतील खाजगी रुग्णालयांत जातात. तिथेही हाच निकष लावा.

बंधू-भगिनींनो, आपलेही एक कर्तव्य आहे. आपला माणूस आत असेल आणि भोंगा वाजत राहिला, तर स्वतः बटणाला किंवा नळीला हात लावू नका. सिस्टरला मोठ्याने हाक मारा आणि कुणी येईपर्यंत हटू नका. पण तिच्यावर ओरडू नका. तिची जागा तीन माणसांची आहे आणि ती एकटी उभी आहे. जाब विचारायचा तो उरलेल्या दोन जागा ज्यांनी भरल्या नाहीत त्यांना, आणि तो आपण संघटनेमार्फत विचारू.