समुद्र आपला, मुली मात्र किनाऱ्यावर

'मॅडम, तुमच्यात चालतं का हे?' आणि 'बेटा, हया नाम की कोई चीज बाकी है या नहीं?' एकाच फोटोवरून, एकाच दिवशी मला हे दोन प्रश्न आले. पहिला शाळेतल्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर, दुसरा खानदानाच्या ग्रुपवर. तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. ग्रुपवर दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली गाडलं जातं. म्हणून इथे देते.

आधी फोटोत काय होतं ते सांगते, कारण न बघता बोलणारेच जास्त आहेत. दिवाळीच्या सुट्टीत भावाकडे अबुधाबीला गेले होते. तिथे लूव्र संग्रहालयाच्या भोवतालच्या पाण्यात रात्री कयाकमधून फिरवून आणतात. कयाक म्हणजे अरुंद, बसकी होडी. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं घेऊन आपणच चालवायची. एकात पुढे मी, मागे भाभी. दुसऱ्यात भाऊ आणि माझी अकरा वर्षांची भाची. आम्हा दोघींच्या डोक्याला स्कार्फ, अंगात ढगळ कुर्ता, त्यावर गळ्यापर्यंत आवळलेलं लाइफ जॅकेट. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या लग्नात यापेक्षा कितीतरी कमी कपडे मी बघितले आहेत, आणि तिथे खानदानातलं कुणी हयेची चौकशी केलेली नाही.

पाण्यात उतरण्याआधी वीसेक मिनिटं आम्हाला नुसतं शिकवलं गेलं. वर्गात उभं राहून आयुष्य काढलेल्या बाईला चांगला शिकवणारा लगेच ओळखू येतो. आमची मार्गदर्शक मुलगी जेमतेम पंचविशीची असेल. तिने पहिला प्रश्न विचारला, पोहायला कुणाला येतं? हात वर झाला तो भाचीचा आणि भावाचा. मग तिने जॅकेटचे पट्टे एकेकाचे स्वतः ओढून पाहिले. खांद्याला धरून जॅकेट वर उचललं, हनुवटीपर्यंत सरकलं तर पुन्हा आवळायला लावलं. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी, प्रत्येक कयाकला दिवा. वल्हं दंडाच्या जोराने नाही, कंबरेतून वळून मारायचं, नाहीतर दहा मिनिटांत हात भरून येतात. होडी उलटली तर होडी सोडायची नाही, कारण शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा होडी आधी दिसते. कुणी मागे पडलं तर पुढच्यांनी थांबायचं. सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग तो सगळ्यांचा वेग.

आणि दिव्यांचा धडा. मोठ्या बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. अंधारात बोट दिसत नाही, दिवे दिसतात. नुसता लाल दिसला तर ती तुम्हाला तिची डावी बाजू दाखवत चालली आहे. नुसता हिरवा, तर उजवी. दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ तुमच्यावर येते आहे, तेव्हा वाट सोडा. ज्या मुंबईच्या बंदरावर आपण पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं, तिथल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? मी पुढच्याच आठवड्यात नववीच्या वर्गात विचारलं. एकाला ठाऊक होतं, त्याचा मामा ट्रॉलरवर आहे. मुलींपैकी एकीलाही नाही.

मग तासभर आम्ही पाण्यावर होतो. १८० मीटर व्यासाचा तो घुमट खालून, पाण्याच्या पातळीवरून बघितला. एका बाजूला शहराचे दिवे, दुसरीकडे मीना झायेद बंदर. त्या बंदरात अजून लाकडी गलबतं मासळी उतरवतात. भाभी मागून वल्हं मारताना सगळं पाणी माझ्या पाठीवर उडवत होती. एवढंच. कुणाचा ईमान बुडाला नाही.

आता पहिला प्रश्न. 'तुमच्यात चालतं का?'

विचारणाऱ्या बाई भल्या आहेत, त्यांच्या मनात वाईट काही नाही. पण त्या प्रश्नात एक चित्र आहे: मुसलमान बाई म्हणजे खिडकी, पडदा, बिर्याणी. समुद्र त्या चित्रात बसत नाही. बाई, मी मराठी शिकवते, तर भाषेपासूनच सुरुवात करू. तुम्ही ज्याला नाखवा म्हणता तो फारसीतला नाखुदा, म्हणजे जहाजाचा धनी. सारंग फारसीतल्या सरहंगवरून आला. जहाजाची दिशा राखणारा मालिम हा अरबी मुअल्लिम, आणि मुअल्लिम म्हणजे शिक्षक. ज्या शब्दाने मला माझ्या विद्यार्थिनींच्या आया 'मुअल्लिमा' म्हणून हाक मारतात, त्याच शब्दाने हिंदी महासागरावर वाटाड्याला हाक मारत. पंधराव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला मुअल्लिम अहमद इब्न माजिद हा जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाचा; अबुधाबीहून मोटारीने जाता येतं. नाखवा आणि सारंग ही कोकणी मुसलमानांतली आडनावं आहेत. मुंबईच्या जामा मशिदीच्या पोटात, खालच्या मजल्याखाली, पाण्याने भरलेला तलाव आहे. १८०२ मध्ये पुरी झालेली ही मशीद कोकणी मुसलमानांची, आणि नाखुदा मोहल्ला तिच्याच परिसरात. तेव्हा चालतं का हे विचारू नका. बंद कधी पडलं हे विचारा.

आणखी एक. आपल्या स्टाफरूममध्ये आपण बारा जणी आहोत. पोहता येतं दोघींना. उरलेल्या दहांत मी एकटी मुसलमान. म्हणजे नऊ जणींना 'तुमच्यात चालतं का' हे मीही विचारू शकते. विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे: बाईच्या अंगावरचं ओलं कापड सगळ्यांनाच खुपतं.

दुसरा प्रश्न चाचांचा. त्यांना आप म्हणून, पण सरळ बोलते.

चाचा, हज़रत उम्मे हराम बिन्त मिल्हान यांची हदीस तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितली होती. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत आहे. रसूलुल्लाह त्यांच्या घरी झोपले असता स्वप्नात आपल्या उम्मतचे लोक समुद्रावरून जाताना दिसले. हे ऐकल्यावर उम्मे हराम यांनी काय मागितलं? त्या लोकांत मीही असेन अशी दुआ करा, असं. आणि त्यांना, बाई, तू कुठे समुद्रावर जातेस, असं कुणी म्हणालं नाही. दुआ झाली. पुढे हज़रत उस्मान यांच्या खिलाफतीत, हिजरी २८ च्या सुमारास, सायप्रसवर मुसलमानांची पहिली समुद्री मोहीम निघाली तेव्हा त्या जहाजात होत्या. तिथे उतरल्यावर सवारीवरून पडून त्यांचं निधन झालं. लार्नाका शहराजवळ, मिठाच्या सरोवराच्या काठी त्यांची मजार आजही आहे. तुम्ही म्हणाल, त्या शौहरसोबत गेल्या होत्या. बरोबर. मी भावासोबत गेले होते. तो फोटोत नाही, कारण फोटो त्यानेच काढला.

मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असा एक कौल हज़रत उमर यांच्या नावाने आपल्याकडे जलशांत हमखास सांगतात. सांगणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. त्यातला 'औलाद' हा शब्द तुम्ही तर्जुमा करताना 'मुलगे' कसा करता? उर्दू माझीही भाषा आहे. औलादमध्ये मुलगी येते. वारसाहक्काच्या वेळी आपण तिला विसरतो, तसे इथेही विसरलो.

आणि आपल्या आज्या? १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्द्याला हाजींची जहाजं जात होती. आठ-दहा दिवस त्या बायका समुद्रावर असत, डेकवर नमाज पढत, ओकाऱ्या काढत, पुन्हा उठून स्वयंपाकाला लागत. त्याआधी कोकणातल्या प्रत्येक घरातली बाई आगबोटीने मुंबईला येई. बंदराला आगबोट लागत नसे, तेव्हा पडावातून उतरावं लागे, कडेवर मूल घेऊन. त्या बेहया होत्या का?

भीतीचं मात्र मला कळतं. त्याची थट्टा मी करणार नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत आपली मुलंमुली होती. त्या रात्री कितीतरी मोहल्ल्यांत चूल पेटली नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली. दर वेळी आपण एकच धडा काढला: पाण्याजवळ जाऊ नका. सहलींचे नियम कडक झाले. समुद्रकिनाऱ्याची सहल म्हटलं की मुख्याध्यापकांना घाम फुटतो आणि मुलं वॉटरपार्कला नेली जातात.

हा धडा चुकीचा आहे. मुरुडच्या मुलांना कुणी सांगितलं होतं का की ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू कशी ओढतं? वडोदऱ्याच्या बोटीत किती जणांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं? नव्हतं, अनेकांच्या अंगात नव्हतं, आणि बोटीत माणसं जास्त होती. अबुधाबीच्या त्या मुलीने जे वीस मिनिटांत केलं, ते करायला तेलाच्या विहिरी लागत नाहीत. पट्टा ओढून बघायला काय पैसा लागतो? तिथे रात्रीच्या काळोखात मला धोका कमी वाटला, आणि गेटवेला भरदुपारी लाँचमध्ये चढताना जास्त वाटतो, याचं कारण पाणी नव्हे.

भीती खरी असेल तर तिचा इलाज पोहणं आहे. पडदा हा बुडण्यावरचा इलाज नाही. आणि मुलगा खाडीत डुंबायला गेला तर 'शैतान आहे' म्हणून हसणारं घर मुलीला गुडघाभर पाण्यात जाऊ देत नाही, तेव्हा ती भीती बुडण्याची नसते. तिला काळजी म्हणणं बंद करू या.

कपड्याचा मुद्दा उरतो. तोही सुटलेला आहे. अहेदा झनेट्टी या लेबनीज वंशाच्या ऑस्ट्रेलियन बाईने २००४ मध्ये बुर्किनी तयार केली. अंग झाकतं, पाण्यात फुगत नाही. आता आपल्याकडेही तसे पोहण्याचे पोशाख मिळतात. पण गंमत बघा. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या काही महापौरांनी समुद्रकिनाऱ्यावर हाच पोशाख बंद केला. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती बंदी स्थगित केली. एक म्हणतो, झाकलंय म्हणून पाण्यात येऊ नकोस. दुसरा म्हणतो, झाकलंस तरी येऊ नकोस. दोघांचं भांडण आहे असं सगळे म्हणतात. मला तर दोघं एकाच मताचे वाटतात.

मागच्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थिनी आमच्या शहरातल्या एका तरणतलावावर नाव घालायला गेल्या. पूर्ण बाह्यांचा, त्याच कापडाचा पोशाख घेऊन. नियमात बसत नाही म्हणून परत पाठवलं. नियम कुठे लिहिलाय, तर बोर्डावर नाही. मुली घरी आल्या, तर घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बाहेरच्यांनी दार लावलं आणि आतल्यांनी आतून कडी घातली. त्यांतली एक आता म्हणते, नको मॅडम, राहू दे. ती खाडीच्या काठी राहते. पावसाळ्यात तिच्या गल्लीत कमरेइतकं पाणी भरतं.

मशिदींच्या आणि जमातींच्या ट्रस्टींनो, तुम्ही शादीखाने बांधता, त्यांना एसी लावता, मेहराबी दिव्यांवर चर्चा करायला बैठका घेता. एका तरणतलावावर आठवड्यातून तीन दिवस, एक तास, बायकांसाठी, शिकवणारी बाई, असा करार करायला किती खर्च येतो ते काढून बघा. एका वलीम्याच्या जेवणावळीत वर्षभराची फी निघेल. ज्या तलावांवर बायकांची वेगळी वेळ आहे, तिथे तर नुसतं जाऊन पोशाखाबद्दलचा नियम लेखी मागायचा आहे. मी दोन वेळा अर्ज दिला आहे. एकट्या शिक्षिकेच्या अर्जाला उत्तर येत नाही. जमातीच्या लेटरहेडवर गेला तर येईल. ते लेटरहेड चंद्र दिसल्याची घोषणा करायलाच असतं असं थोडंच आहे?

या वर्षी आमच्या शाळेची सहल कुठे न्यायची, याची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी मुरुड सुचवणार आहे. पाण्यात उतरण्यासाठी नव्हे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात घेऊन, काठावर तासभर बसून, पाणी कसं येतं आणि कसं जातं ते बघण्यासाठी. मग जंजिरा, शिडाच्या होडीतून. होडीत बसण्याआधी प्रत्येक मुलीच्या जॅकेटचा पट्टा मी स्वतः ओढून बघणार आहे, आणि जॅकेटं पुरी नसतील तर होडी सुटणार नाही. पालकांच्या सह्या लागतील. चाचा, तुमची नात आमच्याच शाळेत सातवीत आहे.