नाव पूर्ण दाखवा, रकाना तुमचा तुम्ही वाढवा

कारेगावकरांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण तुमच्या-माझ्या पगाराशी संबंधित आहे. शेवटपर्यंत वाचा.

रांजणगाव एमआयडीसीत कुणाचा पगार कमी आला की एकच उत्तर मिळतं, "सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे." मी त्याच सिस्टीमच्या मागच्या खोलीत काम करतो. म्हणून सांगतो, यातल्या एका प्रॉब्लेमचं कारण अगदी साधं आहे. स्क्रीनवर नाव पूर्ण दिसत नाही!

कसं ते बघा. तुम्ही गेटवर पंचिंग करता. ती हजेरी एका कॉम्प्युटरवरून पगाराच्या कॉम्प्युटरवर जाते, तिथून बँकेची आणि पीएफची फाइल बनते. ही ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरला इंटिग्रेशन इंजिन म्हणतात. त्यात प्रत्येक वाटेला नाव असतं. कुठली वाट चालू, कुठली बंद हे बघायला आम्ही काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाकतो आणि यादी येते. आता त्यात 'रांजणगाव_हजेरी_ठेकेदार_दिवसपाळी' आणि 'रांजणगाव_हजेरी_ठेकेदार_रात्रपाळी' अशा दोन वाटा असल्या, तर यादीत दोन्ही 'रांजणगाव_हजेरी_ठेके…' अशाच दिसतात. एक चालू, एक बंद. रात्री दोन वाजता सांगा बरं, बंद कुठली?

एका कंपनीत (नाव घेत नाही) हेच झालं. पाळीवरच्या पोराने चालू असलेलीच वाट थांबवून परत सुरू केली. बंद होती ती सकाळपर्यंत बंदच. रात्रपाळीच्या हजेरीला कुणी वाली नाही. आणि बोलणी कुणी खाल्ली? त्या पोराने. अर्धं नाव दाखवणाऱ्या यादीला कुणी जाब विचारला नाही.

ही खोड जुनी आहे. १९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचं पंचकार्ड काढलं. पुढे कॉम्प्युटरच्या स्क्रीनही ८० अक्षरांच्याच रुंदीच्या आल्या. तेव्हा जागाच नव्हती, ठीक आहे. पण आज भिंतीएवढा स्क्रीन समोर असतो, निम्मा मोकळा असतो, तरी नाव कापतात!

बरं, उपाय माहीत नाही असंही नाही. लिनक्समधल्या 'सिस्टमसीटीएल'ला 'फुल' हा पर्याय आहे, 'डॉकर'च्या यादीला 'नो-ट्रंक' आहे. पण ते ज्याला माहीत आहे त्यानेच लिहायचे. म्हणजे खरं मागितलं तरच खरं मिळणार, नाहीतर कापलेलं. माझं भांडण इथे आहे. उलटं पाहिजे. पूर्ण नाव आपोआप दिसलं पाहिजे, आणि ज्याला छोटं हवंय त्याने तसं सांगावं.

यावर साहेब लोक म्हणतात, "नावंच छोटी ठेवा ना." अहो, नावं हौसेने लांब होत नाहीत. आधी प्लांट, मग खातं, मग ठेकेदार, मग पाळी. फरक दाखवणारा शब्द शेवटी येतो आणि कात्री नेमकी तिथेच चालते. गावातलंच उदाहरण घ्या. आडनाव आधी लिहिलेल्या यादीत एकाच भावकीतली दहा माणसं असली आणि नावं कापली, तर उरतं काय? दहा वेळा आडनाव!

दुसरं म्हणणं, "रकाने वाकडे होतात, यादी चांगली दिसत नाही." न दिसू दे. यादी भिंतीवर टांगायची आहे का?

आणि पुढचा विचार करा. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलाच निर्णय आहे. पण ही पोरं उद्या कामाला लागतील तेव्हा रकाना तेवढाच राहिला तर? आधारवर एक नाव आणि पीएफला दुसरं, म्हणून आजच लोक कामाचा खाडा करून नाव दुरुस्तीला फिरतात. नाव कापायला मशीनला क्षणही लागत नाही, जोडायला माणसाचे महिने जातात.

म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्या कंपन्यांना माझं सरळ सांगणं आहे:

१. स्थिती दाखवणाऱ्या यादीत नाव पूर्ण दाखवा. मावत नसेल तर दुसऱ्या ओळीवर न्या.
२. कापायचंच असेल तर मधून कापा, शेवट ठेवा, आणि कापलंय याची खूण दाखवा.
३. ती यादी दुसरा प्रोग्रॅम वाचणार असेल तर एक अक्षरही कापू नका. माणूस निदान शंका घेतो, मशीन घेत नाही.
४. खरेदीच्या ऑर्डरमध्येच ही अट लिहा. नंतर फोन करून काही होत नाही.

यातल्या कशालाही नवीन मशीन लागत नाही. बनवणाऱ्याने मनावर घेतलं की झालं.

आणि तुम्ही एक काम करा. पगाराची स्लिप, बँकेचं पासबुक, आधार आणि पीएफचं नाव एकदा शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवून बघा. कुठे कापलेलं दिसलं तर नाव-नंबर न टाकता कमेंटमध्ये फक्त 'कापलंय' एवढं लिहा. किती जण निघतात ते तरी कळू दे सगळ्यांना.